उन्हात तापलेल्या स्वस्त फोनवरही यादी न अडकता सरकावी, म्हणून

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या व्यवहारासाठी केलेलं एक ॲप डोळ्यांसमोर धरा. यादीतल्या प्रत्येक ओळीत बागेचा फोटो, गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, घडांची संख्या, क्विंटलचा भाव, नोंदीची तारीख आणि खूण करून ठेवायला एक तारा. व्यापारी अंगठ्याने भराभर शंभर-दीडशे नोंदी खाली सरकवतो आणि हवी ती बाग दिसली की थांबतो. एवढंच काम, पण दिवसातून पन्नासदा. यादी झटके देत सरकली तर त्याची नजर हुकते, नको ती ओळ उघडते, आणि दोन दिवसांत तो पुन्हा व्हॉट्सॲपवर फोटो मागवायला लागतो.

ॲप बनवणाऱ्याच्या नव्या फोनवर हे झटके सहसा दिसत नाहीत. दिसतात ते चार वर्षं जुन्या, २-३ जीबी रॅमच्या फोनवर, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून पुढचं सगळं त्या फोनला समोर ठेवून लिहिलं आहे. मुख्य उदाहरण अँड्रॉइडवर याद्या दाखवणाऱ्या रिसायकलरव्ह्यूचं आहे, कारण जुनी आणि चालती बहुतेक ॲप्स त्यावरच उभी आहेत. कंपोज आणि फ्लटर या पडदे रचायच्या नव्या पद्धतींचं वेगळं जे आहे ते नंतर येईल.

आधी वेळेचा हिशेब. ६० हर्ट्झचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. ९० हर्ट्झला ११.१ आणि १२० हर्ट्झला ८.३३. इथे उधारी चालत नाही. काम १७ मिलिसेकंदांत संपलं तर ती फ्रेम पुढच्या ठोक्यापर्यंत थांबते आणि डोळ्याला जुनंच चित्र ३३ मिलिसेकंद दिसतं. अंगठा पुढे गेलेला असतो, यादी मागे राहिलेली असते. यालाच लोक ‘अडकतंय’ म्हणतात. शिवाय हे १६ मिलिसेकंद पूर्ण तुमचे नसतातच. स्पर्श ओळखणं, मांडणी, रेखाटन हे सगळं त्यातच बसतं. ओळीत माहिती भरायला २-३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

एक गोष्ट मनाशी पक्की करा: स्क्रोल चालू असताना मेन थ्रेडवर, म्हणजे स्पर्श आणि चित्र सांभाळणाऱ्या कामाच्या मुख्य धाग्यावर, जे चालतं, त्यातलं बरंचसं काम आधीच किंवा दुसऱ्या थ्रेडवर उरकता येतं. खाली सांगितलेला प्रत्येक उपाय याच एका गोष्टीचा कुठला तरी भाग आहे.

मोजल्याशिवाय हात लावू नका

डीबग बिल्डवर (चुका शोधायच्या आवृत्तीवर) स्क्रोल तपासणं म्हणजे ओल्या कापसाचं वजन करणं. आकडा येतो, पण खरा नसतो. कंपोज आणि फ्लटरमध्ये तर डीबग आणि रिलीजमधला फरक फारच मोठा असतो. रिलीज बिल्ड घ्या, आर८ (कोड आटोपशीर करणारं साधन) चालू ठेवा, आणि तुमच्या वापरकर्त्यांकडे असलेल्यांपैकी सगळ्यात हलका फोन घ्या. जळगाव-धुळ्यात जुन्या मोबाइलच्या दुकानात असा फोन सहज मिळतो. एमुलेटरवर मोजलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

सोपी पहिली पायरी फोनमध्येच आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ आहे, काही फोनवर त्यालाच ‘प्रोफाइल जीपीयू रेंडरिंग’ म्हणतात. तिथे पडद्यावरच्या पट्ट्या निवडा. प्रत्येक फ्रेमसाठी एक उभी पट्टी येते आणि आडवी हिरवी रेघ १६ मिलिसेकंदांची असते. रेघ ओलांडणाऱ्या पट्ट्या किती आणि कधी येतात ते बघत यादी सरकवा. नवी ओळ खालून डोकावते त्याच क्षणी पट्टी उसळत असेल तर दोष ओळ बनवण्यात किंवा भरण्यात आहे. सगळ्याच पट्ट्या रेघेच्या आसपास लोळत असतील तर रेखाटनच जड आहे.

आकडे हवे असतील तर फोन केबलने जोडा. टर्मिनलमध्ये एडीबी शेल, मग डम्पसिस, मग जीएफएक्सइन्फो आणि त्यापुढे ॲपचं पॅकेज नाव, शेवटी रीसेट अशी आज्ञा द्या. जुनी मोजणी पुसली जाते. आता यादी ३० सेकंद सारख्याच वेगाने वर-खाली सरकवा आणि तीच आज्ञा रीसेट न लावता पुन्हा द्या. एकूण फ्रेम्स, अडकलेल्या म्हणजे जँकी फ्रेम्स, आणि ५०, ९०, ९५, ९९ पर्सेंटाइलचे मिलिसेकंद मिळतात. ९५ पर्सेंटाइल ९ म्हणजे शंभरातल्या ९५ फ्रेम्स ९ मिलिसेकंदांत किंवा त्याआधी झाल्या. हे आकडे वहीत लिहून ठेवा, प्रत्येक बदलानंतर पुन्हा घ्या.

ते वाचायचे कसे? ५० पर्सेंटाइल ७ मिलिसेकंद आणि ९९ पर्सेंटाइल ६० असेल, तर साधी फ्रेम हलकी आहे, मधूनच एखादं जड काम येऊन आदळतंय: फोटो उलगडणं, नवी ओळ फुगवणं (एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या मांडणीतून ती उभी करणं), डेटाबेस. ५० पर्सेंटाइलच १४-१५ असेल तर प्रत्येक फ्रेमवर ओझं आहे. सावल्या, एकावर एक रंगवलेली पार्श्वभूमी, खोल घरटी केलेला लेआउट, यांच्याकडे बघा. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. हे न ओळखता लोक आठवडाभर लेआउट सपाट करत बसतात आणि दोष फोटोत निघतो.

लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या नोंदवहीत, फ्रेम्सचा ताल सांभाळणाऱ्या कोरिओग्राफरचा ‘स्किप्ड’ असा संदेश आणि पुढे फ्रेम्सचा आकडा दिसला तर तो हलक्यात घेऊ नका. हा संदेश मुळात ३० किंवा जास्त फ्रेम्स सुटल्यावरच येतो. ६० हर्ट्झवर ३० फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद यादी गोठलेली होती.

नेमका दोष कुठे आहे ते बघायला परफेटो. ट्रेस, म्हणजे कुठलं काम कधी आणि किती वेळ चाललं याची नोंद, दाखवणारं हे साधन. अँड्रॉइड ९ पासून डेव्हलपर ऑप्शन्समधल्या ‘सिस्टम ट्रेसिंग’ने फोनवरच ट्रेस घेता येतो आणि तो परफेटोच्या संकेतस्थळावर उघडता येतो. मेन थ्रेडच्या पट्टीवर रिसायकलरव्ह्यू स्वतःची नावं लिहून ठेवतो: ‘आरव्ही क्रिएटव्ह्यू’, ‘आरव्ही ऑनबाइंडव्ह्यू’, ‘आरव्ही ऑनलेआउट’, ‘आरव्ही प्रीफेच’. क्रिएटव्ह्यूच्या खाली लांब ‘इन्फ्लेट’ दिसलं तर एक्सएमएल जड आहे. ऑनबाइंडव्ह्यू लांब असेल तर दोष तुमच्या भरण्याच्या कोडमध्ये. रेंडर थ्रेडवर ‘अपलोड’ आणि पुढे चार हजार गुणिले तीन हजारसारखं माप दिसलं, तर अख्खा फोटो जीपीयूकडे चाललाय आणि आजार तिथेच सापडला.

ओळ भरताना काय करू नये

रिसायकलरव्ह्यूची युक्ती साधी आहे. स्क्रीनवर आठ ओळी मावत असतील तर तो दहा-बारा ओळीच बनवतो आणि वर गेलेली ओळ खालून पुन्हा वापरतो. त्यामुळे ओळ बनवणारा ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डर मोजक्या वेळा चालतो, पण ओळीत माहिती भरणारा ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर (पुढे नुसता बाइंड) प्रत्येक ओळीमागे चालतो. जोरात फटकारा मारला की सेकंदाला वीस-तीस वेळा. म्हणून बाइंडमध्ये आलेली कोडची प्रत्येक फालतू ओळ तितक्या पटीने महाग पडते.

आपल्या केळीच्या यादीत बाइंडमध्ये नेहमी सापडणारे चोर असे. भाव ‘१,२५०’ असा हजाराच्या स्वल्पविरामाने दाखवायचा म्हणून तिथल्या तिथे नवा नंबरफॉरमॅट बनवलेला असतो. तारीख ‘१२ मे’ अशी दिसावी म्हणून प्रत्येक ओळीला नवा सिंपलडेटफॉरमॅट. दोन्ही वस्तू बनवणं महाग आहे, कारण त्या भाषेचे नियम उघडून बसतात. तारा भरलेला की रिकामा हे ठरवायला डेटाबेसला विचारणा. घडांच्या संख्येवरून ‘लहान’, ‘मोठी’ बाग ठरवणारा हिशेब. आणि प्रत्येक वेळी नवा क्लिक लिसनर.

उपाय एकच. सर्व्हरकडून किंवा रूम या फोनमधल्या डेटाबेसमधून आलेल्या कच्च्या नोंदीपासून दाखवण्यापुरता वेगळा डेटा क्लास बनवा: भावाचा तयार मजकूर, तारखेचा तयार मजकूर, ताऱ्याचं हो-नाही, फोटोची योग्य मापाची लिंक. हे रूपांतर व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्याचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) डिस्पॅचर्स डिफॉल्टवर, म्हणजे मागच्या थ्रेडवर, करा. तारे विचारायचे तर ओळीमागे एक प्रश्न नको. एकाच क्वेरीत जोडून आणा, आणि ज्या कॉलमवर जोडता त्यावर इंडेक्स टाका. क्लिक लिसनर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये एकदाच लावा आणि दाबल्यावर बाइंडिंगॲडाप्टरपोझिशन विचारून नोंद शोधा. ती पोझिशन ‘नो पोझिशन’ असू शकते, कारण ओळ काढली जात असतानाही बोट पडतं. तो तपास विसरला की ॲप कोसळतं. एवढं झाल्यावर बाइंडमध्ये उरतं ते फक्त चार सेटटेक्स्ट आणि एक फोटो.

मराठी मजकुराचं एक वेगळं ओझं आहे, आणि इंग्रजीत चाचणी करणाऱ्यांच्या ते लक्षातच येत नाही. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांचा आकार ठरवावा लागतो, आणि त्याला रोमन लिपीपेक्षा जास्त वेळ लागतो. एका शब्दाच्या ओळीत हे जाणवत नाही. पण यादीत दोन-तीन ओळींचा शेरा असेल, ‘खोडवा बाग, पाणी ठिबकचं, रस्ता चांगला, मोठी गाडी बांधापर्यंत येते’ असा, तर मजकुराची मोजणीच फ्रेमचा मोठा घास घेते. अशा लांब मजकुरासाठी प्रीकंप्युटेडटेक्स्टकंपॅट वापरा. बाइंडमध्ये गेटटेक्स्टफ्युचर मागवून ॲपकंपॅटटेक्स्टव्ह्यूच्या सेटटेक्स्टफ्युचरला द्या, मोजणी मागच्या थ्रेडवर होते. अट एवढीच की मापं टेक्स्टव्ह्यूची स्वतःचीच घ्यायची आणि मजकूर दिल्यानंतर अक्षराचा आकार किंवा फाँट बदलायचा नाही, नाहीतर ॲप अपवाद (एक्सेप्शन) फेकतं. शेरा कितीही लांब असला तरी यादीत दोन ओळींच्या पुढे दाखवू नका, बाकी आतल्या पानावर.

याच जागी आणखी एक घसरण होते. ओळीची उंची पक्की केली की मांडणी सोपी होते म्हणून कोणी उंची ७२ डीपीवर (डीपी म्हणजे स्क्रीनची घनता कितीही असली तरी डोळ्याला जवळपास सारखं दिसणारं माप) बांधतं आणि इन्क्लूडफाँटपॅडिंग बंद करतं. मग ‘वर्षी’, ‘मिरची’ यांच्या वेलांट्या नि रफार वरून कापले जातात, आणि ज्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली आहेत त्यांना अर्धीच ओळ दिसते. गावातले वयस्कर लोक अक्षरं मोठीच ठेवतात. मिनहाइट द्या, पक्की उंची नको. आणि सेटहॅजफिक्स्डसाइजचा अर्थ ‘सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या’ असा नाही. यादीतला मजकूर बदलला तरी रिसायकलरव्ह्यूची स्वतःची चौकट बदलत नाही, एवढंच तो सांगतो. यादीने पूर्ण स्क्रीन व्यापला असेल तर तो बेलाशक खरा ठेवा.

फोटो: सगळ्यात मोठा गुन्हेगार

बागेत उभं राहून काढलेला फोटो १२ मेगापिक्सेलचा, ४००० गुणिले ३०००. फाइल ३-४ एमबीची दिसते, पण स्क्रीनवर आणताना ती उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. १.२ कोटी पिक्सेल गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी. आठ ओळींचे आठ फोटो म्हणजे ३८४ एमबी. दोन जीबीच्या फोनवर इथेच खेळ संपतो: मेमरी भरते, कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर धापा टाकतो, फ्रेम्स सुटतात आणि शेवटी ॲप बंद पडतं.

आता खरी गरज बघा. ओळीतला फोटो ७२ डीपीचा चौकोन. तिप्पट घनतेच्या स्क्रीनवर तो २१६ पिक्सेल, दुप्पट घनतेवर १४४. २१६ गुणिले २१६ गुणिले ४ म्हणजे साधारण १८७ केबी. आठ ओळींचे मिळून दीड एमबीच्या आत. ३८४ आणि दीड, हा फरक कुठल्याही कोडच्या कसरतीने भरून निघत नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच दुरुस्त करा.

पहिलं काम सर्व्हरवर. फोटो चढवताना त्याच्या तीन प्रती करा: यादीसाठी सुमारे २४० पिक्सेल, आतल्या पानासाठी १०८०, आणि मूळ. यादीला फक्त पहिलीची लिंक द्या. वेबपी स्वरूपात ही छोटी प्रत काही केबींत बसते, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे नेटवर्क एक-दोन काड्यांवर असतं तिथेही ती लवकर येते.

दुसरं काम फोनवर. ग्लाइड किंवा कॉइल यांपैकी एक लायब्ररी वापरा, हाताने बिटमॅप उलगडू नका. या लायब्ररी व्ह्यूच्या मापाएवढाच फोटो उलगडतात, पण माप आधी ठरलेलं असेल तरच. इमेजव्ह्यूची रुंदी-उंची ‘रॅप कंटेंट’ ठेवली तर त्या स्क्रीनएवढा किंवा त्याहूनही मोठा फोटो धरतात आणि सगळी बचत वाया जाते. ७२ डीपी गुणिले ७२ डीपी असं स्पष्ट माप एक्सएमएलमध्ये लिहा. असं केलं की फोटो आल्यावर ओळ खालीवर उडी मारत नाही, हाही फायदा.

तिसरं, ओळ पुन्हा वापरली जाते हे विसरू नका. फोटो नसलेल्या नोंदीसाठी ‘फोटो असेल तर लोड कर’ एवढंच लिहिलं आणि नाहीतरचा भाग सोडला, तर त्या चौकोनात आधीच्या बागेचा फोटो तसाच राहतो. सावद्याच्या बागेसमोर चोपड्याच्या बागेचा घड दिसतो, आणि व्यवहाराच्या ॲपमध्ये ही चूक झटक्यांपेक्षा कितीतरी महागात पडते. फोटो नसला तरी क्लिअर करा आणि ठरलेलं रिकामं चित्र लावा.

गोल कोपरे लायब्ररीच्या ट्रान्सफॉर्मेशनने फोटो उलगडतानाच करून घ्या. आणि सावकाश उमटणारं क्रॉसफेड यादीत बंद करा. ते सुंदर दिसतं, पण जोरात सरकवताना एकाच वेळी आठ ॲनिमेशनं चालतात.

यादी बदलताना

भाव दिवसभर बदलत असतात. नवी माहिती आली की नोटिफायडेटासेटचेंज्ड बोलावणं हा सगळ्यात प्रचलित आळस आहे. त्याने स्क्रीनवरची प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते. त्याहून वाईट असं की, सगळ्या ओळी एकदम पुनर्वापराच्या साठ्यात जातात, आणि त्या साठ्यात एका प्रकारच्या मुळात ५ ओळीच मावतात. आठ ओळी दिसत असतील तर तीन फेकल्या जातात आणि पुन्हा एक्सएमएलपासून फुगवल्या जातात. एका भावासाठी एवढा खटाटोप.

लिस्टॲडाप्टर घ्या (ॲडाप्टर म्हणजे नोंदी ओळींपर्यंत पोचवणारा दुवा). त्याच्या आत डिफयुटिल असतो आणि तो जुन्या-नव्या यादीतला फरक मागच्या थ्रेडवर काढतो. आयटम्स-द-सेममध्ये नोंदीचा आयडी ताडून बघा, कंटेंट्स-द-सेममध्ये दाखवायचा पूर्ण मजकूर. नुसता भाव बदलला असेल तर चेंजपेलोड (नेमकं काय बदललं त्याची खूण) परत करा आणि बाइंडमध्ये फक्त भावाचा टेक्स्टव्ह्यू बदला. पेलोड दिला नाही तर मूळ ॲनिमेटर जुनी ओळ विझवून नवी उमटवतो आणि भाव बदलला की फोटोही लुकलुकतो.

इथे अनेकांचा तास-दीड तास जातो तो एका गोष्टीपायी. तीच लिस्ट आत बदलून सबमिटलिस्टला पुन्हा दिली तर काहीच होत नाही. ॲडाप्टर संदर्भ बघतो, तोच असला की परत फिरतो. प्रत्येक वेळी नवी यादी द्या.

भाव सॉकेटवरून सेकंदाला अनेकदा येत असतील तर प्रत्येक थेंबाला यादी हलवू नका. फ्लोवर (डेटाच्या प्रवाहावर) सॅम्पल ५०० मिलिसेकंद लावा, माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरेसं आहे. जमलं तर बोट सरकवत असेपर्यंत थांबवून ठेवा आणि यादी स्थिर झाली की सोडा.

हजारो नोंदी असतील तर पेजिंग ३ ही नोंदी पानापानाने आणणारी लायब्ररी वापरा. पानाचा आकार स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळींच्या तिप्पट-चौपट, म्हणजे आपल्याकडे ३०. पहिली खेप मुळातच पानाच्या तिप्पट येते आणि पुढचं पान मागवायचं अंतर पानाएवढं असतं. नेटवर्क हळू असलेल्या भागासाठी ते अंतर वाढवून ६० करा, म्हणजे यादीच्या शेवटी फिरणारा गोल बघत बसावं लागत नाही.

लेआउटमधल्या दोन खोड्या

वर हवामानाची पट्टी, खाली यादी, आणि दोन्ही एकत्र सरकावं म्हणून रिसायकलरव्ह्यू नेस्टेडस्क्रोलव्ह्यूच्या आत ‘रॅप कंटेंट’ करून ठेवलेला दिसतो. असं केलं की यादीला वाटतं आपली उंची अमर्याद आहे आणि ती सगळ्या ४०० ओळी एकदम बनवते. पुनर्वापर संपला. वरची पट्टी हीच यादीची पहिली ओळ करा, कॉन्कॅटॲडाप्टरने दोन ॲडाप्टर जोडता येतात.

दुसरी खोड लिनियरलेआउटमध्ये वजनं, त्यात पुन्हा लिनियरलेआउट, त्यात पुन्हा वजनं. वजनामुळे मुलांची मोजणी दोनदा होऊ शकते, तीन थरांत ती आठपट होते. कन्स्ट्रेंटलेआउटचा एकच थर ठेवा. ओळीच्या आत आडवी सरकणारी फोटोंची पट्टी असेल तर सगळ्या आतल्या याद्यांना एकच रिसायकल्डव्ह्यूपूल (पुनर्वापराचा साठा) द्या आणि इनिशियलप्रीफेचआयटमकाउंट दिसणाऱ्या फोटोंएवढा ठेवा. साडेतीन फोटो दिसत असतील तर ४, मूळ आकडा २ असतो. ओव्हरड्रॉ, म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा रंगवणं, तपासायला डेव्हलपर ऑप्शन्समधला रंगांचा पर्याय लावा: निळा-हिरवा ठीक, लाल दिसला तर पार्श्वभूमीवर पार्श्वभूमी चढली आहे. खिडकीला, यादीला आणि ओळीला तिन्हीकडे पांढरा रंग दिलेला असतो. दोन काढा.

कंपोज आणि फ्लटर

कंपोजच्या लेझीकॉलममध्ये आयटम्सना की द्याच, नोंदीचा आयडी. वेगवेगळ्या प्रकारच्या ओळी असतील तर कंटेंटटाइपही. स्क्रोलची स्थिती थेट कंपोझेबलमध्ये (पडद्याचा तुकडा रचणाऱ्या फंक्शनमध्ये) वाचली तर प्रत्येक पिक्सेलला तो भाग पुन्हा रचला जातो. ‘वर जा’ बटण दाखवायचं की नाही एवढंच हवं असेल तर डिराइव्ह्डस्टेटऑफ वापरा. फोटोला आधीच माप द्या, नाहीतर फोटो येईपर्यंत ओळीची उंची शून्य धरली जाते आणि डझनावारी ओळी एकदम रचल्या जातात. आणि बेसलाइन प्रोफाइल (कुठला कोड आधीच संकलित करायचा त्याची यादी) बनवून ॲपसोबत पाठवा. नवं ॲप टाकल्यावर पहिल्या काही वेळा कोड आधी संकलित नसतो, म्हणून पहिलंच स्क्रोल अडखळतं, आणि माणूस मत पहिल्याच स्क्रोलवर बनवतो.

फ्लटरमध्ये वरचं जीएफएक्सइन्फो कामाला येत नाही, कारण तो स्वतःचं चित्र स्वतः काढतो. प्रोफाइल मोडमध्ये चालवा आणि परफॉर्मन्स ओव्हरले उघडा. दोन आलेख येतात, यूआय थ्रेड आणि रास्टर थ्रेड. यूआय लाल झाला तर डार्टचं काम जड आहे, रास्टर लाल झाला तर चित्र जड आहे. यादीसाठी लिस्टव्ह्यू डॉट बिल्डर. सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यूमध्ये कॉलम किंवा श्रिंकरॅप खरं केलं की सगळ्या ओळी एकदम मांडल्या जातात, म्हणजे तोच नेस्टेडस्क्रोलव्ह्यूचा आजार. ओळी सारख्या उंचीच्या असतील तर प्रोटोटाइपआयटम द्या. आयटमएक्स्टेंटमध्ये पक्का आकडा लिहिला तर मोठ्या अक्षरांत मराठी मजकूर पुन्हा कापला जाईल. फोटोला कॅशविड्थ द्या, पण ती खऱ्या पिक्सेलमध्ये असते: ७२ गुणिले त्या फोनचं डिव्हाइसपिक्सेलरेशो. मोठं जेसन मेन आयसोलेटवर (डार्टच्या मुख्य धाग्यावर) वाचू नका, आयसोलेट डॉट रनकडे सोपवा. ओळीवर ओपॅसिटी विजेट टाकण्यापेक्षा रंगातच पारदर्शकपणा द्या.

उन्हाची चाचणी

वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर मोजलेले आकडे भुसावळच्या दुपारी टिकत नाहीत. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्याला इलाज नाही. जी फ्रेम थंड फोनवर ९ मिलिसेकंदांत होत होती ती १६ ओलांडू शकते. म्हणून लक्ष्य १६ चं नको. हलक्या थंड फोनवर ९५ पर्सेंटाइल ८-९ मिलिसेकंद आला तर उन्हासाठी जागा राहते.

चाचणी अशी करा. ब्राइटनेस पूर्ण, मोबाइल डेटा चालू, बॅटरी सेव्हर बंद. आधी थंड फोनवर ३० सेकंदांचे आकडे घ्या. मग फोन सावलीतच, पण पंख्याविना बाहेर ठेवून ॲप सतत दहा मिनिटं वापरा आणि लगेच पुन्हा आकडे घ्या. थेट उन्हात तापवू नका, बॅटरी खराब होते. नंतर तीच चाचणी बॅटरी सेव्हर चालू करून. डम्पसिस थर्मलसर्व्हिस ही आज्ञा त्या क्षणीची तापण्याची पातळी सांगते, ती आकड्यांशेजारी लिहा.

अँड्रॉइड १० पासून पॉवरमॅनेजरकडून ही पातळी ॲपलाही कळते. ती ‘मॉडरेट’ किंवा वर गेली की यादीतली सजावट कमी करा: सावल्या, उमटणारी ॲनिमेशनं, आपोआप चालणारे व्हिडिओ. भाव आणि फोटो तेवढे राहू द्या.

एवढं सगळं करून झाल्यावर पुढच्या महिन्यात कोणी तरी बाइंडमध्ये पुन्हा तारखेचा फॉरमॅट टाकतोच. त्याला पकडायला मॅक्रोबेंचमार्क, म्हणजे वेग आपोआप मोजणारी चाचणी, लिहा. यूआय ऑटोमेटरने यादीला पाच फटकारे मारायचे, फ्रेमटायमिंगमेट्रिक लावायचं आणि चाचणी त्याच हलक्या फोनवर चालवायची. अँड्रॉइड १२ आणि पुढे ‘फ्रेमओव्हररन’ मिळतं. ऋण आकडा म्हणजे फ्रेम वेळेआधी तयार होती, धन म्हणजे तितके मिलिसेकंद उशीर. जुन्या फोनवर फक्त ‘फ्रेमड्युरेशनसीपीयू’ मिळतं, तेही चालेल. ९५ पर्सेंटाइलचा आकडा मागच्या आवृत्तीपेक्षा २ मिलिसेकंदांनी वाढला तर तो बदल मुख्य शाखेत घेऊ नका, आधी परफेटोचा ट्रेस उघडा.